भेव मोजण्याचे शास्त्र

साथीच्या काळात लोक नेमके कशाला घाबरतात, कोणत्या सूचनेवर त्यांचा विश्वास बसतो आणि कोणती सूचना ते कानांआड करतात, हे आरोग्ययंत्रणेला वेळीच उमगले नाही, तर औषधे व खाटा असूनही रुग्ण दवाखान्यात उशिरा पोहोचतो. हा अंदाज घेण्यासाठी पूर्वी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घ्यावी लागे; कोरोनाकाळात घराबाहेर पडणेच बंद झाल्यावर अभ्यासक समाजमाध्यमांकडे वळले. तेथील असंख्य संदेश संगणकाकडून वाचून घेऊन त्यांतील सूर अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे ठरवण्याच्या पद्धतीला भावना-विश्लेषण म्हणतात.

या पद्धतीची पहिली अडचण शब्दांतच आहे. सामान्य वापरात ‘पॉझिटिव्ह’ हा चांगला शब्द, पण २०२० मध्ये ‘घरातले चौघे पॉझिटिव्ह’ या वाक्याने सगळा वाडा हादरत असे आणि ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ ही आनंदाची बातमी असे. केवळ शब्दांची यादी पाहून गुण देणारा संगणक येथे नेमका उलटा निष्कर्ष काढतो. ‘काळजी घ्या’ हा निरोप असतो आणि ‘काळजी वाटते’ ही व्यथा असते. अशा छटा यंत्राला शिकवण्यासाठी माणसांनी वाचून वर्गीकरण केलेला मजकूर लागतो. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटांचा असा संग्रह प्रसिद्ध केला, आणि मराठीसाठी ते फार मोलाचे काम आहे. मात्र ती ट्विटे महाराष्ट्रातील परिचित व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी वऱ्हाडीत ‘मले भेव लागते’ असे म्हणतो, अनेकदा तेही रोमन अक्षरांत लिहितो, आणि बहुतेक वेळा लिहीतच नाही, आवाजी निरोप पाठवतो.

तो निरोप जातो व्हॉट्सअॅपवर, जेथील मजकूर पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाच वाचता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने वारंवार पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशांवर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, त्यामुळे अफवांचा वेग कमी झाला, परंतु त्या अफवांमागची भीती अभ्यासकांच्या नजरेआडच राहिली. म्हणून ट्विटरवरून काढलेले ‘जनमत’ हे बऱ्याच अंशी शहरांचे, शिकलेल्यांचे आणि स्वतःचा मोबाइल असणाऱ्यांचे मत ठरते.

भीती किती आहे यापेक्षा ती कशाची आहे हे कळणे अधिक गरजेचे असते, आणि याचा प्रत्यय बुलढाणा जिल्ह्यानेच कोरोनानंतर दिला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक, काही दिवसांतच गळू लागले. कारण समजण्याआधीच ‘टक्कल व्हायरस’ हे नाव मोबाइलवरून आणि बातम्यांतून सर्वत्र पोहोचले, आणि त्या नावातच संसर्गाचा निकाल लावून टाकला गेला होता. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खारट पाणी पिणाऱ्या लोकांचा पहिला संशय पाण्यावर गेला, तोही समजण्यासारखा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने गोळा केले, आणि पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. संगणकाने त्या दिवसांतील संदेश मोजले असते, तर त्यांवर ‘प्रतिकूल’ एवढाच शिक्का बसला असता. पाणी प्यावे की नाही, शेजाऱ्याला शिवावे की नाही, लेकीची सोयरीक मोडेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे देणारी माणसेही वेगळी आहेत.

असे प्रश्न घरात शिरून ऐकणारी व्यक्ती गावात आहेच, ती म्हणजे आरोग्य स्वयंसेविका आशाताई. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई सामील असलेल्या पथकांनी दारोदारी जाऊन मुख्यतः ताप, ऑक्सिजनची पातळी आणि जुने आजार नोंदवले. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना ठेवून घरच्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच वऱ्हाडीत उतरवून घेतला असता, तर समाजमाध्यमांवरील आकडे पडताळून पाहायला गावातलीच साक्ष मिळाली असती.