रेडिओ पिधान
रेडिओ पिधान ही दिशादर्शक उपग्रहांच्या संदेशांवरून वातावरणाचे तापमान, दाब व बाष्प, तसेच आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता मोजण्याची पद्धत आहे. चंद्राआड तारा झाकला जातो त्या घटनेस खगोलशास्त्रात पिधान म्हणतात. येथे ताऱ्याच्या जागी जीपीएससारखा उपग्रह आणि चंद्राच्या जागी पृथ्वी असते.

तत्त्व
जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. काही शे किलोमीटर उंचीवरील दुसरा उपग्रह त्यांचे संदेश टिपतो. जीपीएस उपग्रह त्याच्या दृष्टीने मावळू लागला की संदेश वातावरणाच्या अधिकाधिक खालच्या थरांतून येतो आणि प्रणमनामुळे वाकतो. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही काही काळ दिसत राहतो, त्याचेच हे रेडिओलहरींतील रूप होय. हे वाकणे भूपृष्ठाजवळही साधारण एक अंशाचेच असते. मात्र त्याने कंप्रतेत पडणारा सूक्ष्म फरक अणुघड्याळांच्या आधारे मोजता येतो.

आयनांबरामुळे संदेशास होणारा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दोन कंप्रतांवरील संदेशांची तुलना केली की तो वेगळा काढता येतो. नकाशा पाहणाऱ्यास ही चूक वाटते. अवकाशीय हवामानाच्या अभ्यासकास तीच हवी असते. सौर वादळांचा आयनांबरावरील परिणाम तिच्यातूनच कळतो.

महत्त्व आणि मर्यादा
हे मोजमाप मुळात काळाचे असल्याने उपकरण जुने झाले तरी सहसा ढळत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या दशकांतील, वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी एकमेकींशी ताडता येतात. हवामानबदलाच्या अभ्यासात तापमानातील फरक दशकाला अंशाच्या काही दशांशांचा असतो, तेव्हा ही स्थिरता निर्णायक ठरते. ढगांचाही अडथळा होत नाही. सुमारे ८ ते ३० किलोमीटर उंचीवर निष्कर्ष सर्वांत विश्वसनीय असतात. त्याखालील दमट हवेत तापमान व बाष्प यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात आणि ते वेगळे करण्यास अन्य माहिती लागते. मोसमी पावसाच्या प्रदेशात नेमकी हीच हवा महत्त्वाची असते, ही पद्धतीची मोठी उणीव म्हणावी लागेल.

इतिहास
१९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाआड गेले, तेव्हा त्याच्या संदेशांवरून तेथील वातावरण फारच विरळ असल्याचे कळले. पृथ्वीसाठी जीपीएस वापरून हा प्रयोग १९९५ मध्ये मायक्रोलॅब १ या उपग्रहाद्वारे झाला. २००६ मध्ये तैवान व अमेरिका यांनी सहा उपग्रहांचा कॉस्मिक हा समूह सोडला. भारताच्या ओशनसॅट २ (२००९) व मेघा ट्रॉपिक्स (२०११) या उपग्रहांवर रोझा हे इटालियन पिधानयंत्र होते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने येथील आयनांबर विशेष अस्थिर असते.