आधी हातमोजे, मग मांडव

मे महिना उतरणीला लागला की गावाकडच्या परसांतून पहारीचे आणि कोयत्याचे आवाज येऊ लागतात. पहिल्या पावसानंतर दोडका, कारले, पडवळ, दुधी यांचे वेल भराभर वर येतात. त्यांना चढायला मांडव लागतो आणि मोकाट गुरे-शेळ्यांपासून वाचवायला भोवती कुंपण लागते. आता शहरालगतच्या बंगल्यांच्या आवारातही असे मांडव दिसू लागले आहेत. मुलांना सुट्टी असते, मुंबई-पुण्याची मंडळी गावी आलेली असतात, आजोबांना हे काम पाठ असते. मग मजूर न लावता सगळे घरच कामाला लागते.

आरोग्याच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीनंतर त्याच्या जोडीला तोल आणि स्नायूंची ताकद टिकवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवेत. खड्डा खणणे, बांबू उचलून आणणे, उकिडवे बसून सुतळी बांधणे, हात वर करून गाठ मारणे या सगळ्यांत तो व्यायाम आपसूक होतो.

अडचण एवढीच की घरच्या कामाला कोणी ‘काम’ समजत नाही. कारखान्यात जो माणूस बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही, तोच रविवारी परसात लुंगी आणि स्लिपरवर काटेरी तार ओढत असतो. लागले तर ‘एवढंसं तर लागलंय’ म्हणून हळद दाबली जाते आणि काम पुढे चालू राहते. मांडवाच्या कामातल्या बहुतेक इजा टाळता येतात. त्यासाठी खर्च थोडा आणि विचार मात्र आधी करावा लागतो.

उंची कोणाच्या हाताने ठरवायची?

मांडव घालतो घरातला उंच, तरणा माणूस. भाजी काढते मात्र बहुधा आजी किंवा घरातली दुसरी एखादी बाई. मांडव घालणाऱ्याने स्वतःच्या हाताच्या अंदाजाने उंची धरली, की पुढचे चार महिने भाजी काढणारीला स्टूल किंवा प्लास्टिकची खुर्ची घेऊन जावे लागते. पावसाने भिजलेल्या मातीत खुर्चीचा एक पाय खचतो आणि माणूस खाली येतो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा वेळी हातावर पडले तर मनगट मोडते, कुशीवर पडले तर खुबा. खुब्याचे हाड मोडले की बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यानंतरही कित्येक ज्येष्ठांचे पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे परत येत नाही.

म्हणून मेढी पुरण्याआधी भाजी काढणाऱ्या व्यक्तीला तिथे उभे करावे, हात सहज वर करायला सांगावे आणि त्या बोटांच्या उंचीवर आडवे बांबू धरावेत. फळे खाली लोंबत असल्याने हात सहज पोहोचतो. घरात कोणी उंच असेल तर त्याने थोडे वाकावे.

वाटणी वयाप्रमाणे

खड्डे खणणे आणि मेढी उभ्या करणे हे निरोगी प्रौढांचे काम आहे. जड मेढ कमरेत वाकून एकट्याने उचलू नये. गुडघे वाकवून, दोघांनी मिळून, अंगाजवळ धरून उचलावी. मेढीच्या बुडाशी सिमेंट घालणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते कातडीला लगेच चटका देत नाही, पण ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून अर्धा-एक तास काम केले, की संध्याकाळी खोल भाजलेले आढळते. हात-पाय लगेच धुवावेत, भिजलेले कपडे बदलावेत.

शिडीवर साठीपुढच्या माणसाने चढू नये, हे घरात स्पष्ट सांगून टाकावे. मान मागे टाकून, हात वर करून काम करताना भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती शक्यता वाढते. शिडी लावताना दर चार फूट उंचीला तिचा पाय एक फूट बाहेर असावा आणि खाली धरायला एक माणूस असावा. रक्त पातळ होण्याची गोळी घेणारी व्यक्ती पडून तिच्या डोक्याला मार बसला, तर ती ठीक दिसत असली तरी रुग्णालयात नेऊन तपासून घ्यावी. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कित्येक तासांनी लक्षणे दाखवू शकतो.

मग आजोबांनी काय करायचे? सावलीत बसून गाठी शिकवायच्या, बांबू निवडायचे, कोणता वेल कुठे चढवायचा ते ठरवायचे. हे दुय्यम काम नव्हे. मुलांनी मोजमाप घ्यावे, सुतळीचे तुकडे पुरवावेत, बिया लावाव्यात. पुढे पडवळ धरले की ते सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधायचा मानही त्यांचाच. कोयता, करवत आणि काटेरी तार मात्र मुलांच्या हाती द्यायची नाही.

काम सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर करावे. तहान लागण्याची वाट न पाहता ताक, लिंबू सरबत किंवा पन्हे घेत राहावे. उन्हात काम करताना कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या देऊ लागले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दोष गंजाचा नव्हे, मातीचा

बांबूची शीक, बाभळीचा काटा, तारेचे टोक किंवा खिळा, यांपैकी काहीतरी टोचल्याशिवाय कुंपण सहसा पुरे होत नाही. खिळा गंजलेला असेल तरच धनुर्वात होतो, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. कोरा करकरीत खिळाही शेणखताच्या मातीत पडून पायात गेला तर तेवढाच धोका असतो. या जंतूंना हवा मानवत नाही. त्यामुळे रुंद, वाहत्या जखमेपेक्षा खोल गेलेले बारीक टोचणे त्यांना अधिक सोयीचे. म्हणजे ज्याला आपण ‘एवढंसं’ म्हणतो, नेमके तेच.

टोचल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ३ ते २१ दिवस जातात. तोवर जखम बुजलेली असते आणि माणूस ती विसरलेला असतो. आधी जबडा आखडतो, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही. मग मान आणि पाठ ताठ होते, आणि आवाजाने किंवा स्पर्शानेही सर्वांगाला वेदनामय झटके येतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. उपचार अतिदक्षता विभागात, कित्येक आठवडे चालतात आणि तरीही सर्वजण वाचत नाहीत.

भारतात बाळंतीण आणि नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. गरोदरपणातील लस आणि स्वच्छ बाळंतपण यांचे हे यश आहे. बालकांना आता वेळापत्रकानुसार लस मिळते, शिवाय १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची जोडलस मिळते. प्रश्न उरतो तो आजी-आजोबांचा. देशात बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना बालपणीचे डोस मिळालेलेच नाहीत. आजीला तिच्या बाळंतपणात एखादी सुई मिळाली असेल, आजोबांना तीही नाही. आणि परसात अनवाणी फिरण्याची सवय याच पिढीला अधिक.

म्हणून बांबू आणण्याच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला विचारावे की धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली. मूळ डोस पूर्ण असतील तर दर १० वर्षांनी एक डोस पुरतो. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटून गेली असतील, तर पुन्हा एक डोस घ्यावा. ज्यांना काहीच आठवत नाही त्यांनी न घेतल्यासारखे धरून तीन डोसांची मालिका सुरू करावी: पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. अशा व्यक्तीला मातीची खोल जखम झाली तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, कारण लसीचे संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो. ही लस सरकारी आरोग्य केंद्रांतही मिळते.

जखम झाल्यावर ती वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी. चुना, तंबाखू, चहापूड किंवा माती दाबू नये. शीक आत तुटून राहिली असेल तर सुईने उकरत बसू नये.

डोळ्यात गेले तर

ताणलेली तार तोडली की तिचे टोक सपकन मागे येते. लोखंडावर लोखंडाने ठोकले की बारीक कपची उडते. ती बुबुळातून आत शिरली तरी कधीकधी फारसे दुखतही नाही. साधा संरक्षक चष्मा एवढ्यासाठी घालायचा. बांबूचे कुसळ किंवा पान डोळ्याला घासले गेले तर बुबुळावर बुरशीचा व्रण होऊ शकतो. अशा वेळी औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब बुरशीला खतपाणी घालतात आणि डोळा जाऊ शकतो. डोळा चोळू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा.

ढिगाऱ्यात हात घालण्याआधी

गेल्या वर्षीच्या जुन्या काट्या, दगड आणि बांबूंचा ढीग ही विंचू-सापांची आवडती जागा आहे. कोकणात फुरसे अशाच दगडगोट्यांत दडून असते. ढीग आधी लांब काठीने हलवावा, मगच हात घालावा, तोही जाड हातमोजे घालून. साप चावला तर आवळपट्टी बांधू नये, जखम चिरू नये, चोखू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून हे मृत्यू पुष्कळ कमी करता येतात हे दाखवून दिले. पण औषधाचा उपयोग मूल वेळेत पोहोचले तरच. दंशानंतर घाम फुटणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर उताऱ्यात वेळ घालवू नये.

कुंपण कशाचे?

जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला मोगली एरंड, शेर, पिवळी कण्हेर लावण्याची रीत आहे. जनावर ज्याला तोंड लावत नाही, त्याला लहान मूल लावते. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होण्याचे प्रकार वारंवार घडतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुले खेळायला घेतात. त्यांतले विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. शेराचा चीक डोळ्यात उडाला तर तीव्र दाह होतो. डोळा लगेच पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धूत राहावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. घरात लहान मूल असेल तर मेंदी किंवा कोयनेलीचे कुंपण बरे.

रानडुकरांच्या त्रासाला कंटाळून कुंपणाच्या तारेत घरातली वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या तारेचा बळी अनेकदा घरचा किंवा शेजारचा माणूस ठरतो. कोणी चिकटलेले दिसले तर त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करावा.

पेरावर कापा

शेवटची गोष्ट बांबूच्या टोकाची. दोन पेरांच्या मध्ये बांबू कापला की वरच्या टोकाला पेला तयार होतो. पावसात तो भरतो आणि त्या वाटीभर पाण्यात डेंगी पसरवणारे एडिस डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून उभ्या मेढी पेराच्या अगदी लगत वर कापाव्यात. आधीच्या मेढींना असे पेले असतील तर ते वाळूने किंवा मातीने गच्च भरावेत. हे काम मुलांना द्यावे. कुठे राहिले ते शोधण्यात त्यांची नजर मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते.

श्रावणात मांडव भरला की त्याखाली खुर्च्या टाकून बसणारे घर वेगळेच दिसते. तोपर्यंत जूनमधल्या त्या दोन दिवसांत जाड हातमोजे, बूट, चष्मा आणि वेळेत घेतलेली एक सुई, एवढेच लागणार आहे. सामानाच्या यादीत बांबू आणि सुतळीच्या वर या चार गोष्टी लिहाव्यात.