भाडेकरार नाही, म्हणून शाळा नाही

मराठवाडा-विदर्भातून आलेला आमचा बांधव पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतो. भोसरीत खोली बघायला गेला की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग भाडे सांगतो. (उंच सोसायट्यांतही हेच विचारतात, फक्त सभ्य शब्दांत.) करार मात्र नोंदवत नाही.

पुढे शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या २५ टक्के जागांसाठी अर्ज भरताना भाडेकरूकडे नोंदणीकृत करार मागतात. तो नाही, मूल बाद! वास्तविक भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा मालकाचा, शिक्षा लेकराला. हा कुठला न्याय?

त्याच अर्जाला जातीचा दाखला लागतो. १० ऑगस्ट १९५० रोजी घराणे कुठे राहत होते, याचा पुरावा आणा म्हणतात. ज्यांना गावाने जमीनच दिली नाही, त्यांचा सातबारा कुठून येणार? आम्ही अशिलांना सांगतो, गावच्या शाळेचे जुने रजिस्टर आणि तहसिलातली कोतवाल बुकाची नोंद शोधा. अर्ज मूळ गावच्या प्रांताकडे करा. इथल्या एजंटाला एक पैसा देऊ नका.