घरगुती दप्तराचें साठवण-यंत्र : नक्कल आणि रुजवात

जुन्या कागदांच्या संग्राहकाचें घर आज दुहेरी दप्तरखाना झालें आहे. एकीकडे रुमालांत बांधलेलीं बाडें. दुसरीकडे त्यांचींच छायाचित्रें, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या हकीकती आणि लग्नामुंजींचीं चलच्चित्रें. हा दुसरा संग्रह बहुधा संगणक, मोबाइल व सुट्या हार्ड डिस्का यांत विखुरलेला असतो. तो एके ठिकाणीं आणून घरांतील सर्वांस वाचतां यावा म्हणून जें यंत्र घेतात, त्यास नेटवर्क स्टोरेज सर्व्हर किंवा संक्षेपानें नॅस म्हणतात. दोन, चार अथवा अधिक डिस्का बसतील अशी ही पेटी घरच्या राउटरला जोडलेली असते. वसई-विरारसारख्या सागरतीरच्या मुलुखांत ती कोणत्या कसोट्या लावून निवडावी, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष एका नुकसानीनें वेधलें. आगाशीच्या बाजूस एका घरीं मोडी जमाखर्चाचें एक बाड पाहावयास मिळालें. त्याचीं छायाचित्रें आम्हीं घेतलीं. पुढील पावसाळ्यांत मूळ बाड वाळवीनें खाल्लें. छायाचित्रें दोन डिस्कांच्या पेटींत होतीं, म्हणून आम्ही निर्धास्त होतों. एके दिवशीं आमच्याच हातून, त्याच नांवाचीं पण आकारानें लहान केलेलीं चित्रें मूळ चित्रांवर लिहिलीं गेलीं. दोन्ही डिस्कांनीं ती आज्ञा तत्क्षणीं पाळली. आज त्या चित्रांत ओळी दिसतात. आंकडे लागत नाहींत.

येथें झालेला घोटाळा पुष्कळांचा होतो. अनेक डिस्कांचा एकत्र उपयोग करण्याच्या ज्या पद्धतीस रेड म्हणतात, तिचें विवेचन पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलें. रेड १ मध्यें एकच मजकूर दोन डिस्कांवर एकदम लिहिला जातो. रेड ५ ला निदान तीन डिस्का लागतात व एका डिस्केइतकी जागा संरक्षणासाठीं खर्चीं पडते. ४ टेराबाइटच्या चार डिस्का घातल्यास १२ टेराबाइट हातीं राहतात. एक डिस्क बिघडली तरी काम चालूं राहतें, एवढाच या व्यवस्थेचा अर्थ. चूक, चोरी, आग यांपासून ती रक्षण करीत नाहीं. लेखकाच्या हातची चूक त्यावरून उतरलेल्या प्रत्येक प्रतींत जाते, हें पाठभेद लावणाऱ्यांस सांगावयास नको. तात्पर्य, रेड ही नक्कल नव्हे.

नक्कल ती, जी दुसऱ्या ठिकाणीं असते. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपांत लिस्बन येथील काझा द इंदिया ही कचेरी दप्तरासह नष्ट झाली. परंतु समुद्रापार गोव्याच्या दप्तरखान्यांत राजाकडून आलेलीं पत्रें व त्यांच्या उत्तरांच्या प्रती यांचे खंड राहिले होते, म्हणून त्या काळाचा पुष्कळसा वृत्तांत आज हातीं लागतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकीं एक अन्य स्थळीं, असा जो नियम आज जाणते लोक सांगतात, त्याचें मर्म हेंच. मात्र अन्य स्थळ म्हणजे शेजारचें स्टेशन नव्हे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई, नालासोपारा व विरार हीं एकदमच पाण्यांत सांपडलीं. वीज गेली, रेल्वे थांबली. वसईच्या पेटीची दुसरी प्रत विरारच्या आप्ताकडे ठेवण्यापेक्षां घांटावर, पुण्यास अगर नाशिकास, ठेवणें शहाणपणाचें.

आतां खुद्द पेटीच्या कसोट्या. पहिली रुजवातीची. पेशवाई कागदांवर तपासणीची खूण म्हणून "रुजू" असा शेरा आढळतो. झेडएफएस व बीटीआरएफएस या मांडण्या हेंच काम करतात. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावरून एक आंकडा काढून तो निराळा नोंदवितात. वाचतेवेळीं पुन्हां आंकडा काढून ताडून पाहतात. न जुळल्यास, दुसऱ्या डिस्केवर शुद्ध तुकडा असेल तर त्यावरून दुरुस्ती करतात. ही सोय नसलेली पेटी स्वस्त असली तरी संग्राहकानें घेऊं नये. महिन्यांतून एकदां सर्व संग्रहाची अशी रुजवात आपोआप होईल असें योजावें.

दुसरी कसोटी स्नॅपशॉटची. त्या त्या वेळची स्थिति गोठवून ठेवण्याची ही सोय असती, तर आमचीं चित्रें परत मिळालीं असतीं. तिसरी, पेटी बाहेरच्या इंटरनेटवर उघडी न ठेवतां चालविण्याची. एप्रिल २०२१ मध्यें क्यूलॉकर नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामानें अशा अनेक पेट्यांतील फायली कुलुपबंद केल्या होत्या.

जागेचा हिशेब सोपा आहे. ए-४ आकाराची एक बाजू ४०० डीपीआयनें रंगीत व असंकुचित टिफ रूपांत घेतली तर सुमारें ४६ मेगाबाइट होते. वीस हजार बाजूंस सुमारें ९३० गिगाबाइट. म्हणजे कागदांस जागा थोडी लागते. ती खातात तीं चलच्चित्रें. सामान्य संग्राहकास ४ टेराबाइटच्या दोन डिस्कांची पेटी पुष्कळ होते. उरलेला पैसा मोठ्या पेटींत न घालतां परगांवच्या प्रतीसाठीं व यूपीएससाठीं राखावा, कारण लिहितां लिहितां वीज गेल्यास मजकूर बिघडण्याचा संभव असतो. पेटी तळमजल्यावर अगर ओल धरणाऱ्या भिंतीशीं ठेवूं नये. ज्या कोनाड्यांत बाड ठेवण्यास मन धजत नाहीं, तेथें तीहि ठेवूं नये.

शेवटीं एक विनंति. वर्षांतून एकदां, शक्य तर पावसाळ्यापूर्वीं, परगांवची प्रत मागवून तींतील पांचपन्नास पानें उघडून वाचावीं. वाचून न पाहिलेल्या प्रतीवर भरंवसा ठेवूं नये. ज्या बाडाचें अस्सल उरलें नाहीं, त्याची नक्कल हेंच यापुढें अस्सल होय.