महाग म्हणजे टिकाऊ का?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता: दहा-पंधरा लाखांचा अॅम्प्लिफायर वर्षभरात बंद कसा काय पडतो? पैसे तर आपण दर्जाचेच मोजले ना!

आता बघा, दर्जा दोन प्रकारचा. एक आवाजाचा, दुसरा टिकण्याचा. आवाज एका नगावरही मोजता येतो. टिकाऊपणा कळायला संख्या लागते. समजा, कंपनीने ३० नग विकले आणि एकही बिघडला नाही. आपण म्हणू, उत्तम! पण संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' आहे: ३ भागिले ३०. म्हणजे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की बिघाडाचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर नाही. ३००० नग विनातक्रार चालले, तर हीच मर्यादा ०.१ टक्क्यावर येते. महागड्या वस्तू मुळात थोड्याच बनतात. अडचण तिथेच आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. 'क्लास ए' अॅम्प्लिफायर गाणं लावलेलं नसतानाही तापतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल, पण ८५ला ८०००च. रोज चार तास ऐकलं, तर कुठे बावीस वर्षं आणि कुठे साडेपाच!

म्हणून खरेदीआधी आपण तीन गोष्टी विचारू या: प्रत्येक नग कारखान्यात किती तास चालवून पाहिला? सुटे भाग किती वर्षं मिळतील? दुरुस्ती कुठे होईल? उत्तरं मात्र लेखी घ्यायची.