संयुक्त प्रवेश परीक्षा (मुख्य)

संयुक्त प्रवेश परीक्षा (मुख्य), प्रचलित नाव जेईई मेन, ही भारतातील अभियांत्रिकी, वास्तुकला व नियोजन या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी घेतली जाणारी राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश परीक्षा आहे. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (एनआयटी), भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था (आयआयआयटी) आणि केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या इतर काही तंत्रशिक्षण संस्थांमधील प्रवेश या परीक्षेतील गुणवत्ताक्रमानुसार होतात. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या (आयआयटी) प्रवेशासाठी जेईई ॲडव्हान्स्ड ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेला बसण्याची पात्रता मात्र जेईई मेनमधूनच ठरते. अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दहा लाखांहून अधिक विद्यार्थी ही परीक्षा देतात.

इतिहास

आयआयटींमधील प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेण्याची प्रथा १९६०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. इतर केंद्रीय संस्थांसाठी अखिल भारतीय अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा (एआयईईई) ही स्वतंत्र परीक्षा २००२पासून घेतली जाऊ लागली. २०१३मध्ये या रचनेत बदल झाला. एआयईईईची जागा जेईई मेनने घेतली आणि आयआयटींची परीक्षा जेईई ॲडव्हान्स्ड या नावाने दुसरा टप्पा बनली. २०१८पर्यंत जेईई मेनचे आयोजन केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे होते. २०१९पासून ते नॅशनल टेस्टिंग एजन्सी (एनटीए) या संस्थेकडे आले. तेव्हापासून अभियांत्रिकीचा पेपर केवळ संगणकावर घेतला जातो आणि वर्षातून एकाहून अधिक सत्रे होतात. २०२१मध्ये चार सत्रे झाली होती. त्यानंतर दोन सत्रांची पद्धत रूढ झाली. ती सामान्यतः जानेवारी व एप्रिल महिन्यांत होतात.

२०१३ ते २०१६ या काळात गुणवत्ताक्रम ठरवताना बारावीच्या गुणांना ४० टक्के महत्त्व दिले जात असे. २०१७पासून ही तरतूद रद्द झाली. बारावीचे गुण आता क्रम ठरवण्यासाठी धरले जात नाहीत, परंतु प्रवेशाची किमान अट म्हणून ते पाहिले जातात.

परीक्षेचे स्वरूप

पेपर १ हा अभियांत्रिकी पदवीसाठी, पेपर २ अ वास्तुकला पदवीसाठी आणि पेपर २ ब नियोजन पदवीसाठी असतो. पेपर १मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांचे प्रत्येकी २५ असे एकूण ७५ प्रश्न असतात. प्रत्येक विषयातील २० प्रश्न बहुपर्यायी असतात. उरलेल्या ५ प्रश्नांना पर्याय दिलेले नसतात. त्यांचे उत्तर संख्येच्या रूपात लिहावे लागते. पेपर ३०० गुणांचा असून त्यासाठी ३ तास मिळतात. २०२१ ते २०२४ या काळात संख्यात्मक विभागात १० पैकी ५ प्रश्न निवडण्याची मुभा होती. २०२५पासून ती काढून टाकण्यात आली.

बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरासाठी १ गुण वजा होतो. न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य गुण असतात. चार पर्यायांपैकी एक डोळे झाकून निवडणाऱ्याची सरासरी पाहिल्यास २० प्रश्नांत ५ बरोबर व १५ चूक, म्हणजे २० वजा १५, अशी ५ गुणांचीच बेरीज होते. एखाद्या दिवशी हीच बेरीज उणेही होऊ शकते. याउलट, दोन पर्याय निश्चितपणे चूक आहेत हे ओळखता आले, तर उरलेल्या दोहोंतून केलेली निवड प्रतिप्रश्न सरासरी दीड गुण देते. विषयाचे अपुरे ज्ञानही उपयोगी पडते, निव्वळ अंदाज मात्र फारसा उपयोगी पडत नाही, असा या गुणदान पद्धतीचा अर्थ होतो.

अभ्यासक्रम अकरावी व बारावी या दोन्ही इयत्तांवर आधारलेला असतो. २०२४च्या परीक्षेपासून त्यातील काही घटक वगळण्यात आले. त्यामुळे जुन्या प्रश्नसंचांचा सराव करताना चालू वर्षाचा अधिकृत अभ्यासक्रम ताडून पाहणे आवश्यक ठरते.

पर्सेंटाइल आणि क्रम

परीक्षा अनेक दिवस व दररोज दोन पाळ्यांत चालत असल्याने प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एका पाळीतील प्रश्न दुसरीपेक्षा कठीण असणे शक्य असते. म्हणून निकाल प्रत्यक्ष गुणांऐवजी पर्सेंटाइलमध्ये, अर्थात शततमकात, जाहीर केला जातो. एखाद्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची त्या पाळीतील संख्या, भागिले त्या पाळीतील एकूण परीक्षार्थी, गुणिले १०० असे त्याचे सूत्र आहे. बरोबरीचे प्रसंग कमी व्हावेत म्हणून हा आकडा दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढतात.

उदाहरणादाखल, एका पाळीत ५०,००० परीक्षार्थी आहेत व एका विद्यार्थिनीला १४० गुण मिळाले आहेत असे मानू. १४० किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे, तिच्यासह, ४७,५०० असतील, तर तिचे पर्सेंटाइल ९५ होते. तिचे प्रत्यक्ष गुण ४७ टक्क्यांहूनही कमी आहेत. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. तो इतरांच्या तुलनेतील स्थानाचा निर्देशक आहे. याच कारणाने १०० पर्सेंटाइल म्हणजे ३००पैकी ३०० गुण असे समजणेही चूक ठरते. त्या पाळीत त्या विद्यार्थ्याच्या पुढे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

पर्सेंटाइलवरून क्रमाचा अंदाजही बांधता येतो. एकूण १२ लाख परीक्षार्थी असतील, तर ९५ पर्सेंटाइल मिळालेल्याच्या पुढे सुमारे ६०,००० विद्यार्थी असतात आणि ९९ पर्सेंटाइल मिळालेल्याच्या पुढे सुमारे १२,०००. दोन्ही सत्रे दिलेल्या विद्यार्थ्याचे दोहोंपैकी अधिक असलेले एकूण पर्सेंटाइल अंतिम क्रमासाठी धरले जाते. दुसऱ्या सत्रात कामगिरी खालावली तरी पहिल्याचे नुकसान होत नाही. एकूण पर्सेंटाइल समान आल्यास प्रथम गणित, नंतर भौतिकशास्त्र व त्यानंतर रसायनशास्त्र या विषयांतील पर्सेंटाइल पाहतात.

अर्ज प्रक्रिया

अर्ज केवळ एनटीएच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरता येतो. नोंदणी, सविस्तर माहिती, छायाचित्र व स्वाक्षरी जोडणे आणि शुल्क भरणे असे त्याचे टप्पे असतात. शुल्क उमेदवाराचा प्रवर्ग, लिंग व परीक्षा केंद्र देशात आहे की परदेशात यांवर अवलंबून असते. शुल्क भरल्यानंतर मिळणारे पुष्टिपत्र जपून ठेवावे लागते. एका सत्रासाठी एकाहून अधिक अर्ज करणे हा गैरप्रकार मानला जातो. अर्जातील चुका दुरुस्त करण्यासाठी काही दिवसांची मुदत मिळते, पण सर्वच रकाने त्या वेळी बदलता येत नाहीत. यामुळे नाव, जन्मतारीख व आई-वडिलांची नावे दहावीच्या प्रमाणपत्राशी आणि आधार कार्डाशी जुळतात का, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे लागते. महाराष्ट्रात आडनाव आधी लिहिण्याची प्रथा असल्याने कागदपत्रांवरील नावांच्या क्रमात फरक आढळणे ही नित्याची बाब आहे.

अर्ज करताना परीक्षेसाठी शहरांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. आधी केवळ शहराची सूचना व परीक्षेच्या काही दिवस आधी केंद्राचा पत्ता असलेले प्रवेशपत्र उपलब्ध होते. दोन्ही संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी लागतात. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते. तिच्यातील एखादे उत्तर चूक वाटल्यास प्रतिप्रश्न ठरावीक शुल्क भरून पुराव्यासह हरकत नोंदवता येते.

पात्रता आणि प्रमाणपत्रे

परीक्षेला वयोमर्यादा नाही. बारावी उत्तीर्ण होण्याचे वर्ष व त्यापुढील दोन वर्षे अशी लागोपाठ तीन वर्षे परीक्षा देता येते. प्रवेशासाठी मात्र बारावीत किमान ७५ टक्के गुण (अनुसूचित जाती व जमातींसाठी ६५ टक्के) किंवा आपल्या परीक्षा मंडळातील सर्वोच्च २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, यांपैकी एक अट पूर्ण करावी लागते. उत्तम क्रम मिळूनही बारावीकडे दुर्लक्ष झाल्याने ही अट पूर्ण न करणाऱ्या विद्यार्थ्याला या संस्थांमध्ये प्रवेश मिळत नाही.

केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के, इतर मागासवर्गीयांतील उन्नत गटात न मोडणाऱ्यांसाठी २७ टक्के व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. प्रत्येक प्रवर्गात ५ टक्के जागा दिव्यांग उमेदवारांसाठी असतात. महाराष्ट्रातील प्रवर्गांची रचना याहून वेगळी आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग हे राज्याचे प्रवर्ग केंद्रीय प्रवेशात स्वतंत्रपणे अस्तित्वात नाहीत. अशा उमेदवाराची जात केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत असेल, तरच त्याला त्या प्रवर्गाचा लाभ मिळतो. त्यासाठीचे प्रमाणपत्रही केंद्र शासनाच्या नमुन्यात व त्या आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर, काढलेले असावे लागते. राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्रीय प्रवेशासाठी ग्राह्य धरले जात नाही.

जागावाटप आणि गृहराज्य कोटा

निकालानंतरचे जागावाटप २०१५पासून संयुक्त जागावाटप प्राधिकरण (जोसा) करते. उमेदवाराने संस्था व शाखा यांचा पसंतीक्रम संकेतस्थळावर नोंदवायचा असतो. वाटप अनेक फेऱ्यांत होते. मिळालेली जागा अंतिम म्हणून स्वीकारणे म्हणजे ‘फ्रीझ’. त्याच संस्थेत अधिक पसंतीच्या शाखेची वाट पाहणे म्हणजे ‘स्लाइड’. कोणत्याही संस्थेतील अधिक पसंतीच्या जागेसाठी प्रक्रियेत राहणे म्हणजे ‘फ्लोट’. स्लाइड वा फ्लोट निवडल्यास वरच्या पसंतीची जागा मिळेपर्यंत हाती आलेली जागा कायम राहते. वरची जागा मिळताच आधीची आपोआप सुटते. म्हणून खरोखर नको असलेली शाखा यादीत वर लिहिणे हानिकारक ठरते. जागा मिळूनही मुदतीत शुल्क व कागदपत्रांची पूर्तता न केल्यास उमेदवार प्रक्रियेबाहेर जातो.

एनआयटींमधील निम्म्या जागा त्या त्या गृहराज्यातील उमेदवारांसाठी असतात. गृहराज्य जन्मस्थान किंवा अधिवासावरून नव्हे, तर बारावीची परीक्षा कोणत्या राज्यातून दिली यावरून ठरते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांना हा लाभ मिळतो. शिकवणीसाठी राजस्थानात जाऊन तेथूनच बारावी झालेला मराठी विद्यार्थी नागपूरसाठी परराज्याचा ठरतो. तसेच बेळगावातून बारावी झालेल्याचे गृहराज्य कर्नाटक, तर पणजीतून झालेल्याचे गोवा असते. आयआयटी व आयआयआयटींच्या जागांना असा गृहराज्य कोटा नाही.

जेईई ॲडव्हान्स्ड

जेईई मेनच्या पेपर १मधील सुमारे २,५०,००० अग्रक्रमांकित विद्यार्थी, प्रवर्गनिहाय, जेईई ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात. ही परीक्षा एका आयआयटीकडून आळीपाळीने घेतली जाते. तीत प्रत्येकी ३ तासांचे दोन पेपर असतात व दोन्ही देणे अनिवार्य असते. ती लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत असते.

महाराष्ट्रातील स्थान

महाराष्ट्राने २०१४ व २०१५ या दोन वर्षांत राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशांसाठीही जेईई मेनचा आधार घेतला होता. २०१६पासून राज्य पुन्हा आपल्या सामाईक प्रवेश परीक्षेकडे (एमएचटी-सीईटी) वळले. राज्याच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत व बारावीच्या अभ्यासक्रमाला अधिक महत्त्व असते. विनाअनुदानित महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या जागांसाठी मात्र जेईई मेनचा निकाल ग्राह्य धरला जातो. अनेक विद्यार्थी दोन्ही परीक्षा देतात. दोहोंचे अर्ज, कागदपत्रांचे नमुने व प्रवेश प्रक्रिया पूर्णतः स्वतंत्र आहेत. एकीकडील नोंदणी दुसरीकडे चालत नाही.

परीक्षेची भाषा

२०२१पासून जेईई मेन मराठीसह १३ भाषांत उपलब्ध आहे. प्रादेशिक भाषेचा पर्याय सामान्यतः त्या भाषेच्या राज्यातील केंद्रांपुरता असतो व तो अर्ज भरतानाच निवडावा लागतो. अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतांशी इंग्रजीतून होते. त्यामुळे दहावीपर्यंत त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द वापरून भौतिकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढील दोन वर्षांत त्याच संकल्पना इंग्रजी संज्ञांतून पुन्हा आत्मसात कराव्या लागतात. मराठी पर्याय निवडणाऱ्याने दोन्ही भाषांतील संज्ञा ओळखणे श्रेयस्कर ठरते, कारण जेईई ॲडव्हान्स्डच्या टप्प्यावर मराठीचा आधार उरत नाही.