सुपरमोटो पाहिजे? आधी कॉलेजचा रस्ता आठवा!

रील्समध्ये ती भन्नाट दिसते. पण दीड-दोन लाख मोजण्याआधी तुमचा रस्ता, तुमची उंची आणि घरातलं बजेट यांना एकदा विचारून घ्या.

फुटाळ्यावर संध्याकाळी एखादी बदललेली एक्सपल्स उभी राहिली, की तिच्याभोवती चार जण जमतातच. उंच सीट, रुंद हँडल, चोचीसारखं पुढचं मडगार्ड आणि खाली मात्र चिखलाचे नाही, तर रस्त्याचे जाडजूड टायर. 'भाऊ, सुपरमोटो हाय ना ही? कितीत पडली?' हा प्रश्न ठरलेला.

कितीत पडली, हे विचारायलाच हवं. पण 'माझ्या कामाची आहे का?' हा प्रश्न त्याच्याही आधीचा. कारण तुम्हाला ही गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायची नाही. मानेवाड्याहून वानाडोंगरीला सकाळच्या लेक्चरला पोचायचंय, मधे सीताबर्डीवर झेरॉक्स काढायचीय आणि रविवारी मित्राला मागे बसवून रामटेकला जायचंय.

हे प्रकरण आहे तरी काय?

गोष्ट १९७९ची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला टीव्हीसाठी एक शर्यत झाली, 'सुपरबायकर्स'. कल्पना गॅव्हिन ट्रिप यांची. डांबरी ट्रॅकवर रेस करणारा भारी, धुळीच्या गोल ट्रॅकवरचा भारी, की मातीत उड्या मारणारा मोटोक्रॉसवाला भारी? वाद मिटवायचा, तर तिघांनाही एकाच ट्रॅकवर उतरवा. थोडं डांबर, थोडी माती. मग अशा ट्रॅकला चालेल अशी गाडी तयार झाली. सांगाडा आणि सस्पेन्शन मोटोक्रॉसचं, चाकं लहान, टायर रोडचे आणि ब्रेक तगडे. अमेरिकेतला शो १९८५नंतर बंद पडला, पण युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, हा खेळ जोरात वाढला.

यात आपला महाराष्ट्रही आहे बरं का. १९९४मध्ये केटीएमने पहिली 'ड्यूक' काढली, ती सुपरमोटो वळणाचीच होती. त्याच नावाची ड्यूक २०० आपल्याकडे २०१२मध्ये आली, ती बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून. आजची ड्यूक रोडची नेकेड बाइक आहे हे खरं. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्या केशरी गाडीचं मूळ सुपरमोटोत आहे.

१७ की २१? सगळा खेळ चाकाचा

एक्सपल्ससारख्या गाडीला पुढे २१ इंची चाक असतं. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं, दगडावरून सहज चढतं. पण ते वळायला आळशी असतं आणि टायर अरुंद असल्याने कडक ब्रेक मारताना रस्त्यावरची पकड तुलनेने कमी मिळते. १७ इंची चाकाचं उलटं. गाडी पटकन वळते, रुंद टायर रस्ता धरून ठेवतो, ब्रेकवर भरवसा वाटतो. मात्र तेच लहान चाक खड्ड्यात खोल जातं आणि कडेवर आपटतं. सुपरमोटोमध्ये हा दणका पचवायला लांब सस्पेन्शन असतं. म्हणूनच ती शहरात मजा देते. सस्पेन्शन साधं आणि चाक लहान असेल, तर दणका थेट कमरेला.

आता आपलं नागपूर बघा. सिमेंटचे रस्ते सरळ, पण दर काही फुटांवर जॉइंट. बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा रस्ता वर आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक किंवा माती खाली. ऑटोला जागा द्यायला चाक त्या कडेवरून खाली उतरलं, की तिरकस परत चढताना गाडी घसरते. इथे उंच गाडीपेक्षा चालवणारा महत्त्वाचा. कडेवर चढताना शक्य तितकं सरळ, काटकोनात चढायचं. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत रुंद हँडलचा त्रास वेगळाच. आरसे बरोबर कारच्या आरशांच्या उंचीवर येतात.

मग ऊन. मे महिन्यात पारा ४५ पार करतो तेव्हा लिक्विड कूल्ड गाडीचा पंखा सिग्नलवर गरम हवा थेट मांडीवर फेकतो. टेस्ट राइड सकाळी आठला नका घेऊ, दुपारी घ्या. आणि टायरची हवा मात्र सकाळी, गाडी थंड असतानाच तपासा. तापलेल्या टायरमध्ये प्रेशर जास्त दाखवतं. ते बघून हवा काढली, की दुसऱ्या दिवशी टायर बसलेला.

पावसाचंही बोलू. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि कितीतरी वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. गाडी उंच आहे म्हणून वाहत्या पाण्यात घालू नका. गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल, तर स्टार्टर दाबत बसू नका. इंजिनात पाणी गेलं असेल, तर त्या एका बटणाने हजारोंचं काम निघतं. ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

शोरूममध्ये काय बघाल?

खरं सांगायचं तर दीड-दोन लाखांत 'सुपरमोटो' असा शिक्का असलेली गाडी शोधत बसलात, तर निराश व्हाल. केटीएमची ३९० एसएमसी आर ही खरी सुपरमोटो. पण तिची सीट ८६० मिलिमीटर उंच आणि टाकी फक्त ९ लिटरची. लिटरला २८ किलोमीटर धरले, तरी टाकीत अडीचशे. म्हणजे चिखलदरा गाठेपर्यंत टाकी तळाला. त्यामुळे व्यवहारात तीन वाटा उरतात.

पहिली वाट, हीरो एक्सपल्स २०० फोर व्ही. सीट ८२५ मिलिमीटर, पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं, सस्पेन्शन पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर हलणारं. किंमत दीड लाखाच्या आसपास. थोडं जास्त बजेट असेल, तर लिक्विड कूल्ड एक्सपल्स २१०. रस्ता जिथे खराब, तिथे या गाड्या राजा. यांनाच शहरी करायचं, तर सोपा उपाय आहे. चाक तेच ठेवा, टायर बदला. कंपनीने सांगितलेल्याच साइझमध्ये, पण रोडसाठी जास्त योग्य नक्षीचा टायर घाला. ओल्या सिमेंटवर फरक लगेच जाणवतो. एक अडचण मात्र आहे. ट्यूबचा टायर पंक्चर झाला, की चाक खोलावं लागतं.

दुसरी वाट, १७ इंची चाकांची नेकेड. ड्यूक २००, पल्सर एनएस २०० वगैरे. वळण, ब्रेक, ट्यूबलेस टायर, सगळं रोडसाठी. खड्ड्यात मात्र जपून. अलॉय व्हील आपटलं, की वाकतं किंवा तडकतं.

तिसरी वाट बरेच जण विसरतात. सेकंड हँड एक्सपल्स २००टी फोर व्ही. तेच इंजिन, दोन्हीकडे १७ इंची अलॉय, सीट ७९९ मिलिमीटर. दिसायला ती रीलमधल्या गाडीसारखी नाही, त्यामुळे बाजारात तिच्यावर उड्या पडत नाहीत. पण कागदावर बघा. सरळ बसणं, रुंद हँडल, रोडचे टायर, पाय टेकणारी सीट. रोजच्या कामासाठी सुपरमोटोतून जे हवं असतं, त्यातलं बरंचसं इथे आहे.

'रिम बदलून घेऊ ना!'

हा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याच्यासाठी थोडं गणित. ९०/९०-२१ टायरचं चाक उंचीला साधारण ६९५ मिलिमीटर भरतं. त्याजागी ११०/७०-१७ घातलं, की ते ५८६ होतं. म्हणजे गाडीचं नाक साडेपाच सेंटिमीटर खाली आलं. मागचं चाक १८चं १७ केलं, तर मागची बाजू जेमतेम एक सेंटिमीटर उतरते. गाडी पुढे झुकली, वळणावर अस्थिर होऊ शकते आणि ग्राउंड क्लिअरन्सही गेला. स्पीडचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल, तर मीटर जवळजवळ १८-१९ टक्के जास्त दाखवणार. एबीएसही मूळ चाकांच्या हिशेबानेच लावलेलं असतं. त्याचं वागणं बदलतं, आणि तेही नेमकं जीव वाचवायच्या क्षणी.

दुसरा भाग कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. मालकाने असा बदल केला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद कलम १८२-एमध्ये आहे. आवाज करणाऱ्या सायलेन्सरचं प्रकरण वेगळं. आणि सगळ्यात महाग म्हणजे इन्शुरन्स. अपघात झाला आणि कंपनीला न कळवलेला बदल निघाला, की क्लेम अडकू शकतो. समोरच्याला लागलेलं असेल, तर भरपाईचा प्रश्न घरापर्यंत येतो. त्या वेळी रीलवरचे लाइक कामाला येत नाहीत.

बाबांचा प्रश्न आणि खरा खर्च

घरी विषय काढला की पहिला प्रश्न येणार, 'एव्हरेज किती देते?' उत्तर तयार ठेवा. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर ७५० किलोमीटर होतात. लिटरला ४५ देणारी गाडी पावणेसतरा लिटर पिते, ३५ देणारी साडेएकवीस. फरक जेमतेम पाच लिटरचा, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास.

खिसा कापणारे खर्च वेगळेच आहेत. याच हिशेबाने वर्षाला ९,००० किलोमीटर होतात. मऊ रबराचा, चांगली पकड देणारा रुंद टायर वर्ष-सव्वा वर्षात संपू शकतो आणि त्याची किंमत साध्या कम्युटरच्या टायरपेक्षा बरीच जास्त. शिवाय चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि दरवर्षीचा इन्शुरन्स.

टॅक्सही बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावर ४० टक्के. करापूर्वीची किंमत दोन लाख असेल, तर एक गाडी २ लाख ३६ हजारांची आणि दुसरी २ लाख ८० हजारांची. सीसीचा आकडा ओलांडला आणि ४४ हजार गेले.

कर्ज काढणार असाल, तर समजा दीड लाख, ११ टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता साधारण ४,९०० रुपये आणि एकूण व्याज जवळपास २७ हजार. हा हप्ता कोण भरणार, हे बुकिंगच्या आधी घरात बोलून घ्या. पार्ट-टाइमच्या भरवशावर असाल, तर परीक्षेच्या महिन्यांतही हप्ता चुकत नसतो, हे लक्षात ठेवा. आणि चांगल्या आयएसआय हेल्मेटचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नाही. तेही दोन, कारण मागे बसणाऱ्यालाही डोकं असतं.

उंचीचं टेन्शन

'माझी हाइट पाच फूट तीन, मला जमेल का?' हा प्रश्न मुलीच विचारतात असं नाही, मुलंही विचारतात, फक्त हळू आवाजात. भिंतीला पाठ टेकून उभे राहा, दोन पायांच्या मधे एक जाड वही वर ओढून धरा आणि जमिनीपासून तिची उंची मोजा. हा आकडा सीटच्या उंचीशी ताडून बघा. या गाड्यांची सीट अरुंद असते आणि वजन टाकल्यावर सस्पेन्शन थोडं बसतं, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरने कमी पडलं तरी चालून जातं. एक पाय पूर्ण टेकला तरी पुरे. पण सिग्नलवर नेमका तो पाय रस्त्याच्या कडेच्या खालच्या बाजूला पडला, तर दीडशे किलोची गाडी तोलता येईल का, हे शोरूमच्या फरशीवर नाही, रस्त्यावर बघा.

आणि लांबच्या राइडचे मनोरे रचत असाल, तर हेही ऐका. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. सरळ बसायची सिंगल सिलिंडर गाडी हायवेवर ९०च्या पुढे नेली, की वारा छातीवर येतो आणि अरुंद सीट तासाभरात टोचायला लागते. रामटेक मजेत, पुणे मात्र विचार करून.

टेस्ट राइडला जाताना

• रस्ता तुम्ही निवडा. एक सिमेंटचा, एक फुटलेला, एक फ्लायओव्हर.

• यू-टर्न घेऊन बघा. गाडी एका दमात वळते की पाय टेकावे लागतात?

• रिम, स्पोक आणि क्लच केबल किती दिवसांत मिळते, हे सेल्समनला नाही, सर्व्हिस सेंटरवाल्याला विचारा.

• सेकंड हँड असेल, तर आपला मेकॅनिक सोबत न्या. रिम आऊट आहे का, फोर्कमधून तेल गळतं का, कोनसेट अडकतो का आणि चाकं कंपनीचीच आहेत का, ते बघा. आरसीवर बँकेचा बोजा आणि बाकी चलन ऑनलाइन तपासा.

• गाडी २०२३च्या आधीची असेल, तर ई-२० पेट्रोल चालतं का, हे विचारूनच घ्या.

• शेवटचं म्हणजे, घरच्या कुणाला तरी मागे बसवून एक चक्कर मारा. आईला त्या उंच सीटवर चढताच आलं नाही, तर दवाखान्यात न्यायच्या दिवशी ही गाडी घरीच उभी राहील. रोजची गाडी निवडताना हेही धरायचं असतं.